दादर-माटुंग्यात दोन रात्री: जोडप्यानं कुठे खावं, कधी पोचावं, काय टाळावं

मुंबईत दोघांनी दोन दिवस काढायचे म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कुलाबा नाहीतर वांद्रे येतं. समुद्र दिसणारी खोली, कॅफे आणि फोटो. हरकत काहीच नाही, पण खाणं हा मुख्य हेतू असेल आणि एका संध्याकाळी मित्रमंडळींनाही बोलवायचं असेल, तर आमचं मत दादर-माटुंग्याला. पश्चिम आणि मध्य या दोन्ही मार्गांवरची मंडळी गाडी न बदलता पोचतात, चांगली खाण्याची ठिकाणं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि भाव अजून माणसात आहेत. अट एकच: इथली हॉटेलं तुमच्या सोयीनं चालत नाहीत. कोण दुपारी शटर ओढतं, कुणाची सोमवारी सुट्टी, तर कुठे साडेअकराला गेलं तर रांगेतच भूक मरते. वेळ साधली तर मुंबईतला हा सगळ्यात चांगला खाऊभाग, चुकली तर नुसती पायपीट.

शनिवार-रविवारऐवजी शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार असा बेत करा. कारण मासे. मराठी घरांत बुधवार, शुक्रवार, रविवार हे खाण्याचे वार. त्या दिवशी मालवणी हॉटेलांत माल पटापट संपतो, म्हणजे ताजा असण्याची शक्यता वाढते. शनिवारी बऱ्याच घरांत पाळतात. त्यामुळे मित्रांसोबतचं माशांचं जेवण शुक्रवारी रात्री उरकावं आणि शनिवार-रविवार शाकाहारी खाण्यासाठी मोकळे ठेवावेत. शुक्रवारीच संकष्टी आलेली नाही ना, हे कालनिर्णयात बघून घ्या. सहाजणांतले दोघं उपास सोडायला चंद्रोदयाची वाट बघत बसले की टेबलाची मजा जाते.

पोचणं आणि फिरणं

दादर स्थानकात फलाटांचे आकडे आता सलग आहेत. डिसेंबर 2023 पासून पश्चिम रेल्वेचे 1 ते 7 आणि मध्य रेल्वेचे 8 ते 14. जुन्या सवयीनं 'तीन नंबरवर भेटू' असं कुणी सांगितलं तर दोन माणसं दोन टोकांना उभी राहतात. फलाट विसरा, पश्चिमेला रस्त्यावर उतरून भेटा. विमानानं येणाऱ्यांची चंगळ झाली आहे. मेट्रो 3 ऑक्टोबर 2025 पासून आरे ते कफ परेड पूर्ण धावते आणि विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलवरून थेट दादरला आणून सोडते.

बाहेरगावच्यांची हमखास फसगत होते ती रिक्षाच्या बाबतीत. दादर, माटुंगा, शिवाजी पार्क या भागात रिक्षा नाही, टॅक्सीच. फेब्रुवारी 2025 पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं 31 रुपये आहे. इतक्या जवळच्या अंतराला नकार मिळतोच, तेव्हा चालण्याची तयारी आणि तसे चपला-बूट हवेत. सप्टेंबर 2025 मध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडकामासाठी बंद झाल्यापासून पूर्व-पश्चिम ये-जा करणाऱ्या गाड्यांचा भार टिळक पुलावर आला आहे. संध्याकाळी सहा ते नऊ टॅक्सीनं पूल ओलांडण्यापेक्षा स्थानकाच्या पादचारी पुलावरून पलीकडे जावं, निम्म्या वेळात होतं. गाडी घेऊन येणारच असाल तर शिवाजी पार्कच्या गल्ल्यांत घिरट्या घालू नका, कोहिनूर स्क्वेअरमधलं पालिकेचं वाहनतळ गाठा.

खोली

दादरमध्ये पंचतारांकित काही नाही. मधल्या दर्जाची हॉटेलं आणि लॉज आहेत. खोली ठरवताना तीन गोष्टी फोनवर विचाराव्यात. पहिली, खिडकी कुठल्या बाजूला उघडते. रुळांच्या किंवा पुलाच्या बाजूची असेल तर पहाटे चारपासून झोप नाही. आतली, जिन्याकडची खोली दिसायला अंधारी पण शांत. दुसरी, दिवस दुपारी बारा ते बारा मोजतात की आल्यापासून चोवीस तास. शुक्रवारी संध्याकाळी सहाला येऊन रविवारी दुपारी तीनला जाणाऱ्याला दुसरी पद्धत बरी पडते, पहिलीत रविवारी बारालाच सामान उचलावं लागतं. तिसरी गोष्ट जोडप्यांसाठी, आणि हिच्यावरूनच काउंटरवर तमाशे होतात: दोघांच्या ओळखपत्रावर मुंबईचा पत्ता असेल तर चालतं का? सज्ञान जोडप्यानं, लग्न झालेलं असो वा नसो, हॉटेलात राहू नये असा कायदा नाही. पण काही लॉजवाले स्थानिक आधार बघितलं की खोली नाकारतात. अ‍ॅपवर पैसे भरले म्हणजे झालं असं नाही. हॉटेलला थेट फोन करा आणि होकार मेसेजवर लेखी घ्या. ओळखपत्र दोघांचंही लागतं, एकाचं चालत नाही.

शुक्रवार रात्र: मित्र आणि मासे

दादर पश्चिमेला मालवणी जेवणासाठी सिंधुदुर्ग आणि चैतन्य ही दोन नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत, आणि उगाच नाहीत. दोन्हीकडे जागा मात्र मोजकीच. सहा-आठ जणांनी एकदम नऊ वाजता जाऊन 'एकत्र बसवा' म्हणणं म्हणजे पाऊण तास फुटपाथवर उभं राहणं. साडेसातला पोचावं, किंवा सरळ दोन टेबलांवर विभागून बसावं. आठ जणांचा घोळका करून भेटायचंच असेल तर ते जेवणाआधी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर. तिथे बसायला पैसे पडत नाहीत आणि उठा म्हणायला कुणी येत नाही.

मागवताना सर्रास होणारी चूक म्हणजे प्रत्येकानं आपापली थाळी घेणं. थाळीतली आमटी, भात आणि सोलकढी सगळ्यांची सारखीच, बदलतो तो एकच तुकडा. सहा जणांत सहा थाळ्या आल्या की भात उरतो आणि चवी दोनच मिळतात. त्यापेक्षा सहा जणांना हे पुरतं: वेगवेगळ्या माशांच्या दोन थाळ्या, बोंबील फ्रायच्या दोन प्लेट, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं एक, कोळंबी मसाला किंवा बांगड्याचं तिखलं एक, आणि एका कोंबडी-वड्याबरोबर जास्तीचे वडे. भाकऱ्या तांदळाच्या आणि एकेक करून मागवाव्यात, गार झाली की तिचा चामडा होतो. प्लेटमध्ये तुकडे किती, हे आधी विचारा. सुरमई आणि पापलेट आकाराप्रमाणे असतं, खेकड्याचा भाव त्या दिवसाचा असतो, आणि बिल आल्यावर विचारून उपयोग नसतो.

बोंबील हा खरा कस. तो पाण्यानं भरलेला मासा आहे. चिरून, मीठ लावून, वजनाखाली दाबून पाणी काढलं नाही तर तव्यावर पाणी सुटतं आणि रवा-तांदळाच्या पिठाचं वेष्टण ओलं होऊन गळून पडतं. बाहेर कुरकुरीत, आत लोण्यासारखा आणि काट्यासकट खाता येणारा मिळाला तर स्वयंपाकघर जागं आहे असं समजून पुढची ऑर्डर द्यावी. मऊ लिबलिबीत आला तर बाकीची तळणी रद्द करून सुक्या-ओल्याकडे वळावं. सुरमईच्या बाबतीत तुकड्याची जाडी बघा. बोटभर जाड तुकडा आत रसदार राहतो, पातळ कापलेला तव्यावर कोरडा पडतो आणि मग दोष मसाल्याला जातो.

सोलकढी मागवण्याआधी शेजारच्या टेबलावरची बघून घ्या. आगळ (कोकमाचा रस) आणि नारळाचं दूध यांचा रंग फिकट गुलाबी येतो. भडक राणी रंग दिसला तर आमसुलापेक्षा दुसऱ्याच कशाची तरी करामत असते. थोडा वेळ ठेवल्यावर दूध वर आणि पाणी खाली असं होणं हा दोष नाही, ढवळून प्यावी. आंबट झाकायला साखर घातलेली मात्र परत पाठवावी.

आता मोसम. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या काळात मेन्यूवर पापलेट-सुरमई दिसते, पण ती बहुधा बर्फातली असते. पावसाळ्यात आलातच तर खाडीचं मागवा, किंवा सुकट, सुका बोंबील, सोडे. सोड्यांची खिचडी मिळाली तर तिच्यापुढे गोठलेलं पापलेट कोण खातं! श्रावणात याच हॉटेलांत टेबल सहज मिळतं, पण गिऱ्हाईक कमी म्हणजे मालाची उचलही कमी. गटारीच्या आठवड्यात तर तिकडे फिरकूच नये.

शनिवार: दादर पश्चिम, पायी

सकाळी आठ-साडेआठ. शिवसेना भवनासमोर गडकरी चौकात आस्वाद आहे, 1986 पासून. इथल्या मिसळीला 2015 मध्ये लंडनच्या एका खाद्य-पुरस्कारात जगातला उत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून मान मिळाला आणि तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी दारात नावं पुकारली जातात. मिसळ चांगली आहे, पण कोल्हापूर-नाशिकची तर्री डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर निराशा होईल. ही मुंबईची, मध्यमवर्गी, पोटाला सांभाळून घेणारी मिसळ. खरं सांगायचं तर इथलं थालीपीठ तिच्या वर आहे. भाजणीचं थालीपीठ ओळखण्याची खूण म्हणजे मधलं भोक आणि कडेचा खरपूसपणा. भोकातून सोडलेलं तेल मध्यभागही भाजतं. बिनभोकाचं, पोळीसारखं लाटलेलं कुठे मिळालं तर आत कच्चट लागणार. इथे लोण्याचा गोळा सोबत येतो, तो वितळायच्या आत खाऊन मोकळं व्हावं.

जवळच गोखले रोडवर प्रकाश. तिथे साबुदाणा वडा आणि पीयूष, बस. वडा घरी फसतो तो दोन कारणांनी. साबुदाणा कमी भिजला तर तेलात फुटतो आणि अंगावर उडतो. जास्त भिजला किंवा तेल पुरेसं तापलेलं नसलं तर वडा तेल पितो. इथला वडा मोडून बघा: दाणे पारदर्शक, दाण्याचं कूट हाताला लागेल असं जाडसर, आणि बोटांना तेल जेमतेम. पीयूष दाट आणि गोड असतो, जायफळ-वेलचीचा. दोघांत एकच ग्लास घ्यावा. दोन घेतले तर दुपारचं जेवण गेलंच.

दोघांसाठी सकाळचा हिशेब असा: आस्वादला एक मिसळ आणि एक थालीपीठ, दहा मिनिटं चालून प्रकाशला एक प्लेट वडे आणि एक पीयूष. एकाच ठिकाणी बसून सगळं मागवण्याचा मोह आवरा. एकादशीला, विशेषतः आषाढीला, आणि महाशिवरात्रीला उपासाच्या पदार्थांसाठी दादरभर अशा रांगा लागतात की त्या दिवशी उपास न केलेला बरा.

दुपारी जडशीळ काही नको. स्थानकासमोर मामा काणे यांचं 1910 पासूनचं उपाहारगृह आहे, तिथे बटाटावडा किंवा साधं जेवण. छबिलदासच्या गल्लीतला श्रीकृष्णचा वडा आकारानं मोठा, पावात मावत नाही. तो नुसता खावा आणि उभ्यानंच. कीर्ती कॉलेजजवळचा अशोकचा वडापाव हवा असेल तर चुरा जास्त मागायला लाजू नका. तळणीतला तो बेसनाचा कुरकुरीत चुरा हेच त्या पावाचं वैशिष्ट्य आहे.

संध्याकाळसाठी आमची शिफारस नाटकाची. शिवाजी मंदिर प्लाझा सिनेमासमोर, यशवंत नाट्य मंदिर माटुंगा पश्चिमेला. प्रयोग दुपारी साडेतीन-चारचा घ्यावा, रात्रीचा नको. दोन अंकी नाटक मध्यंतर धरून अडीच तासांच्या आसपास जातं. रात्री साडेआठचा प्रयोग सुटेपर्यंत अकरा वाजतात आणि तोवर आसपासच्या बहुतेक स्वयंपाकघरांनी शेवटची ऑर्डर घेतलेली असते. मग उरतो सँडविचवाला. दुपारच्या प्रयोगाला हा प्रश्न येत नाही. शिवाय मध्यंतरात नाट्यगृहातला बटाटावडा खाता येतो, आणि तो खाल्ल्याशिवाय नाटक पूर्ण बघितलं असं दादरमध्ये कुणी मानत नाही. तिकीट ऑनलाइन काढलं तरी बाल्कनीतलं घेऊ नका, संवाद नीट पोचत नाहीत.

नाटक सुटल्यावर चैत्यभूमीशेजारच्या माता रमाबाई आंबेडकर स्मृती व्ह्यूइंग डेकवर जा. समोर वांद्रे-वरळी सागरी सेतू, पायाखाली पाणी, तिकीट नाही. सूर्यास्ताची वेळ मात्र आधी बघून ठेवा. नोव्हेंबरअखेर मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर. हिवाळ्यात नाटक आणि सूर्यास्त दोन्ही साधत नाही, एकाची निवड करावी लागते. 6 डिसेंबरच्या आगेमागे हा सगळा परिसर महापरिनिर्वाण दिनासाठी येणाऱ्या लाखो अनुयायांचा असतो, रस्तेही बदललेले असतात. पर्यटनाचा बेत त्या आठवड्यात आखू नये. दसऱ्याच्या संध्याकाळी आणि विसर्जनाच्या दिवशीही शिवाजी पार्कच्या बाजूला टॅक्सी मिळण्याची आशा सोडा.

रविवार: माटुंगा

रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी मार्ग बंद, बरेचदा माटुंगा ते मुलुंडदरम्यानच असतो आणि तो साधारण अकरानंतर सुरू होतो. सकाळी जाताना अडचण नाही, परतताना तपासून घ्या. माटुंगा नावाची दोन स्थानकं आहेत: मध्य रेल्वेचं माटुंगा आणि पश्चिमेचं माटुंगा रोड. खाण्याचं माटुंगा म्हणजे मध्य रेल्वेच्या पूर्वेचं. चुकून माटुंगा रोडला उतरलात तर झेड ब्रिजवरून चालत येता येतं, उन्हात मात्र जीव जातो. हार्बरवाल्यांना किंग्ज सर्कल सोयीचं.

इथे एका सकाळी एकच ठिकाण निवडायचं. कॅफे मद्रास, 1940 चं, सोमवारी बंद. रविवारी साडेनऊनंतर नाव नोंदवून तासभर थांबावं लागू शकतं, साडेसातला गेलात तर सरळ आत. टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागतं. दोघांना समोरासमोर बसून निवांत गप्पा मारायच्या असतील तर ही जागा नव्हे. खाऊन उठायचं, बाहेर लोक बघत असतात. मागवावं काय? रसम वडा, पोडी इडली आणि एक रवा डोसा. रवा डोशाला वेळ लागतो म्हणून वेटरवर डाफरू नये. त्याचं पीठ ताकाइतकं पातळ असतं, ते तव्यावर पसरत नाहीत, वरून ओततात. जाळी पडून पाणी पूर्ण उडेपर्यंत मंद आचेवर थांबावंच लागतं. घाईनं काढलेला रवा डोसा मधे चिकट निघतो. त्यामुळे बसल्या बसल्या आधी डोसा सांगा, मग इडली-वडा.

स्थानकासमोरचं रामाश्रय पहाटेच उघडतं आणि रांग तुलनेनं लवकर सरकते. इथला उपमा आणि रोज बदलणारा शिरा ही दोन कारणं पुरेशी आहेत. मित्रांबरोबर चौघं-पाचजण असाल तर मद्रासपेक्षा इथे या.

कॉफी दवरा-टंबलरमध्ये येते. दोन भांडी देतात ती कॉफी वर-खाली ओतून साखर विरघळवायला आणि पिण्याजोगी करायला. न ओतता प्यायलात तर पहिला घोट जीभ पोळतो आणि शेवटचा नुसती साखर. कडक हवी असेल तर 'स्ट्राँग' असं ऑर्डर देतानाच सांगा, डिकॉक्शन नंतर वाढवून मिळत नाही.

नाश्ता हलका ठेवला तरच दुपारी रामा नायक. खरं नाव उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग, 1942 पासून, स्थानकाजवळच्या पालिका मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. सोमवारी हेही बंद. आधी काउंटरवर पैसे भरून कुपन घ्यायचं, मग नंबराप्रमाणे आत. मर्यादित जेवण ताटात येतं, अमर्याद केळीच्या पानावर. दोघांनी जायचं तर दोघांनीही पानच घ्यावं, एकानं ताट आणि एकानं पान घेऊन वाटून खाणं चालत नाही. वाढपी झपाट्यानं येतात. नको असेल तर हात पानावर आडवा धरा, तोंडानं सांगेपर्यंत सांबार पडलेलं असतं. टाकलेलं अन्न इथे खपत नाही, आणि ते बरोबरच आहे. क्रम सांबार-भात, मग रसम-भात, शेवटी दही-भात असा ठेवा. सुरुवातीलाच पुऱ्यांवर ताव मारणारे रसमपर्यंत पोचत नाहीत, आणि या जेवणात सगळ्यात चांगलं काही असेल तर ते रसमच. स्वयंपाकघर बघायचं असेल तर विचारा, दाखवतात. दीडच्या आत कुपन हातात असावं.

जेवणानंतर पाच उद्यानांकडे, म्हणजे फाइव्ह गार्डन्सकडे, चालत जाऊन झाडाखालच्या बाकावर बसावं. दादर पारसी कॉलनीच्या त्या रस्त्यांवर दुपारीही सावली असते.

घरी न्यायला माटुंग्याहून कॉफीची पूड घ्या: चिकोरीचं प्रमाण सांगून, 80:20 (कॉफी 80, चिकोरी 20) सगळ्यांना चालतं, आणि दळण फिल्टरसाठीचं. दोनशे ग्रॅमच्या वर घेऊ नका, दोन आठवड्यांत वास उडतो. दादरहून भाजणी आणि मेतकूट. सोलकढी, रवा डोसा आणि बोंबील यांचं पार्सल कितीही आग्रह झाला तरी नको. वडा नेलात तर कागदी पिशवीचं तोंड उघडं ठेवा, वाफ कोंडली की तासाभरात तो मऊ पडतो.